मॉनिटरवरचा अंजिरी खरंच अंजिरी आहे का? रंग जुळवण्याची पूर्ण पद्धत

आई साडी घ्यायला गेली की पसंत पडलेली साडी हातावर टाकून दुकानाच्या दाराशी येते. पदर उलगडून उजेडात धरते, आत नेते, पुन्हा बाहेर आणते. दुकानदार काही म्हणत नाही. ट्यूबखाली दिसलेला रंग आणि अंगावर दिसणारा रंग एकच नसतो, हे त्यालाही ठाऊक असतं.

मी साड्यांचे फोटो काढते, त्यातही जास्त करून येवल्याच्या पैठण्यांचे. छापील कॅटलॉगसाठी आणि ऑनलाइन विक्रीसाठी ते तयार करून देते. माझ्या कामात दाराशी जाऊन बघायची सोय नसते. जे ठरवायचं ते मॉनिटरसमोर बसूनच ठरवायचं.

पहिला मोठा कॅटलॉग केला तेव्हा हे मला कळलं नव्हतं. छापून आला आणि त्यातल्या चार अंजिरी साड्या जवळजवळ काळ्या निघाल्या. काठावरचे मोर अंधारात बुडाले होते. छापखान्यातल्या माणसाने माझीच फाइल उघडून त्यातले रंगांचे आकडे दाखवले. छपाईत काही चुकलं नव्हतं. चूक माझ्या टेबलावर होती. मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरावर होता. त्यामुळे प्रत्येक फोटो मला गरजेपेक्षा उजळ दिसायचा आणि मी तो खाली ओढत राहायचे. ग्राहकाने ठरलेले पैसे दिले, पण पुढच्या वर्षीचं काम दिलं नाही. त्या कॅटलॉगची एक प्रत अजून माझ्या कपाटात आहे.

तेव्हापासून जे शिकत गेले ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं साड्यांची असली तरी पद्धत लग्नाचे अल्बम, दिवाळी अंकाची मुखपृष्ठं, पॅकिंगचे बॉक्स, चित्रांच्या प्रती या सगळ्यांना तशीच लागू पडते.

दोन वेगळी कामं, एकच नाव

बोलताना आपण सगळ्यालाच कॅलिब्रेशन म्हणतो, पण त्यात दोन कामं असतात. वजनकाट्याचं उदाहरण घ्या. काटा शून्यावर आणणं हे पहिलं काम. त्यानंतरही काटा किलोमागे पाच ग्रॅम जास्त दाखवत असेल तर त्याची नोंद ठेवून हिशोबात तेवढं वजा करणं हे दुसरं.

मॉनिटरच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे त्याचा उजेड, पांढरा रंग आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा चढ ठरलेल्या जागी आणणं. या चढाला गॅमा म्हणतात. दुसरं काम म्हणजे एवढं करूनही मॉनिटर जिथे जिथे चुकतो ते मोजून एका फाइलमध्ये लिहून ठेवणं. ही फाइल म्हणजे आयसीसी प्रोफाइल. १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमच्या नावावरून तिला हे नाव मिळालं.

हा फरक माहीत असला की पुढचा बराच गोंधळ टळतो. पहिल्या कामाचा फायदा संगणकावरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला मिळतो. दुसऱ्याचा फायदा मात्र प्रोफाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमलाच होतो: फोटोशॉप, लाइटरूम, गिम्प, आजचे बहुतेक ब्राउझर. फोटो बघायचा एखादा साधा प्रोग्रॅम प्रोफाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. एकच फोटो दोन खिडक्यांत दोन रंगांचा दिसतो त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आता ठरलेली जागा म्हणजे कोणती? इंटरनेटसाठी ती एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये हा रंगांचा संच मांडला आणि १९९९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यातला पांढरा म्हणजे डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड, आणि गॅमा सुमारे २.२.

हे सगळं नुसत्या डोळ्याने का करता येत नाही, असं मला नेहमी विचारतात. डोळा फार लवकर जुळवून घेतो. पिवळ्या बल्बखाली दहा मिनिटं बसलात की कागद पुन्हा पांढराच दिसायला लागतो. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन रंगांतला बारीक फरक डोळा चटकन टिपतो, पण एकटा रंग समोर ठेवला तर त्याला काही सांगता येत नाही.

आधी खोली

यंत्र विकत घेण्याआधी खोलीकडे बघा. माझी भिंत पूर्वी पिस्ता रंगाची होती आणि माझ्या फोटोंत कायम किंचित हिरवी झाक यायची. डोळ्याच्या कोपऱ्यातून सतत हिरवं दिसत असल्यामुळे पडद्यावरचा करडा मला गुलाबीसर वाटायचा आणि मी त्यात न कळत हिरवा मिसळायचे. मॉनिटरमागची भिंत पांढरट-करडी करून घेतली आणि ती झाक गेली. सगळं घर रंगवायची गरज नाही. नजरेच्या टप्प्यात येणारी तेवढीच भिंत पुरते.

मॉनिटरवर खिडकीचा उजेड थेट पडू नये. खिडकीला पडदा लावा, पण रंगीत नको. काम करताना भडक कपडे टाळा; लाल कुर्त्याची छाया गडद पडद्यावर स्पष्ट दिसते. डेस्कटॉपवरचं चित्र काढून तिथे साधा करडा रंग ठेवा.

दिव्याचं म्हणाल तर आपल्याकडे घरोघरी ‘कूल डेलाइट’ ट्यूब असतात. त्या ६५०० केल्विनच्या असतात, म्हणजे पांढऱ्याच्या बाबतीत मॉनिटरच्या डी६५ ला जवळच्या. पण स्वस्त एलईडी पट्टीत लाल कमी पडतो आणि कुंकवाचा लाल, राणी, अंजिरी हे रंग तिच्याखाली मरगळलेले दिसतात. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो. तो ९० च्या वर असलेली पट्टी शोधा. खोलीत एक पिवळा बल्ब आणि एक पांढरी ट्यूब अशी सरमिसळ तर बिलकूल नको. साधारण रोज एकसारखा राहील असा मंद उजेड हवा. दुपारी एक आणि रात्री दुसरा असं झालं तर कॅलिब्रेशनचे आकडे बरोबर असूनही नजर फसते.

मॉनिटरची तयारी

मॉनिटर चालू करून निदान अर्धा तास तापू द्या. थंड पॅनेलचा उजेड आणि पांढरा रंग सुरुवातीला सरकत राहतो. तेवढ्या वेळात पडदा मायक्रोफायबरच्या कोरड्या किंवा किंचित ओल्या फडक्याने पुसा. काच पुसायचा अमोनियावाला फवारा पडद्यावर मारू नका.

मग मॉनिटरच्या मेनूत जाऊन सगळं फॅक्टरी रीसेट करा, आणि ‘मदत’ करणाऱ्या सगळ्या गोष्टी बंद करा: डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, आय केअर किंवा लो ब्लू लाइट, खोलीच्या उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारा ब्राइटनेस. विंडोजमध्ये नाइट लाइट बंद, मॅकवर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन दोन्ही बंद. एचडीआर बंद. लॅपटॉप असेल तर चार्जरला लावूनच काम करा, कारण बॅटरीवर असताना काही लॅपटॉप वीज वाचवायला पडद्याचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट स्वतःच बदलत राहतात.

एक जागा बरेच जण तपासत नाहीत. मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल तर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आउटपुट ‘आरजीबी फुल’ आहे ना, ते बघा. काही वेळा कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून ‘लिमिटेड’ पाठवतं, म्हणजे ० (काळा) ते २५५ (पांढरा) ऐवजी १६ ते २३५. मग काळा राखाडी दिसतो, पांढरा मळका दिसतो, आणि कितीही कॅलिब्रेशन केलं तरी मूळ दोष जात नाही.

मेनूत ‘यूझर’ किंवा ‘कस्टम’ मोड निवडा, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळे हलवता येतील. कॉन्ट्रास्टला हात लावू नका. तो वाढवला की उजळ भागातला तपशील उडतो.

मॉनिटर अजून घ्यायचा असेल तर थोडं विषयांतर करून सांगते. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ (एनटीएससी म्हणजे टीव्हीच्या जुन्या मानकातला रंगांचा संच) असं दिसलं तर तो पडदा रंगाच्या कामाला घेऊ नका. तो एसआरजीबीचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये असे पडदे सर्रास असतात. जे रंग पडद्यात मुळातच नाहीत ते कॅलिब्रेशन कुठून आणणार? ‘७२ टक्के एनटीएससी’ म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी. पॅनेल आयपीएस असावं. टीएन पॅनेलवर मान थोडी खाली-वर केली तरी रंग बदलतो.

यंत्र नसेल तर

यंत्र नसलं तरी निम्मं काम करता येतं आणि ते जरूर करा.

मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड असेल तर तो निवडा. कारखान्यात त्यातल्या त्यात काळजीपूर्वक लावलेला मोड बहुधा तोच असतो. मग एक कोरी पांढरी फाइल पडदाभर उघडा आणि शेजारी, खोलीच्या उजेडात, एक स्वच्छ पांढरा कागद धरा. पडदा कागदासारखा दिसायला हवा. तो दिव्यासारखा पेटलेला वाटला तर ब्राइटनेस कमी करा. नव्या मॉनिटरवर हा आकडा बराच खाली, कधी पंचवीस-तीसवर, आणावा लागतो. पहिले दोन दिवस पडदा अंधारा वाटतो. तिसऱ्या दिवसापासून वाटत नाही. माझ्या कॅटलॉगचं नुकसान एवढ्या एका गोष्टीने टळलं असतं.

नंतर काळा आणि पांढरा तपासा. फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये शुद्ध काळी फाइल करून तिच्यावर ५, १०, १५, २० अशा मूल्यांचे चौकोन काढा. खोलीचा उजेड मंद असेल तर १० चा चौकोन दिसायला हवा, आणि नीट बघितलं तर ५ चाही पुसट जाणवायला हवा. तसंच पांढऱ्यावर २५०, २५२ आणि २५४. माझ्या संग्रहात या कामासाठी दोन फोटो आहेत. एक काळ्या चंद्रकळेचा, जिच्या पोटातली वीण दिसली पाहिजे. दुसरा पांढऱ्या शिरोदकाचा, जिच्या घड्या पांढऱ्यात हरवता कामा नयेत. चौकोनांपेक्षा या दोन साड्या मला लवकर सांगतात.

विंडोज आणि मॅकमध्ये डोळ्याने कॅलिब्रेशन करायची सोयही असते. गॅमा ढोबळमानाने बघायला ती ठीक आहे, पण पांढरा रंग तिच्या भरवशावर बदलू नका. त्याच मॉनिटरचं कोणीतरी इंटरनेटवर टाकलेलं प्रोफाइल उतरवून लावू नका. एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर सुद्धा वेगळे असतात, आणि वापराने ते आणखी वेगळे होत जातात.

यंत्र आणि त्याचं सॉफ्टवेअर

पडदा मोजणाऱ्या यंत्राला कलरिमीटर म्हणतात. मुठीत मावेल एवढं असतं, यूएसबीने जोडतात, पडद्याला चिकटून लटकवतात. बाजारात मुख्यतः कॅलिब्राइट आणि डेटाकलरचे स्पायडर दिसतात. दोघांचं आपापलं सॉफ्टवेअर येतं आणि नवशिक्यासाठी ते पुरेसं आहे. मी डिस्प्लेकॅल वापरते. ते मोफत आहे, अर्गिल सीएमएस या मोजमापाच्या संचावर चालतं आणि प्रत्येक पायरी उघडी करून दाखवतं.

जुनं यंत्र घेताना जपून. फार जुन्या कलरिमीटरमधल्या रंगीत फिल्टर-काचा काळाने आणि दमट हवेने उतरतात, आणि कोकणात किंवा मुंबईत वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेल्या यंत्राचा मला तरी भरवसा वाटत नाही. आम्ही तिघींनी मिळून एक नवं घेतलं आहे. महिन्यातून एकदाच लागतं, त्यामुळे आलटून पालटून छान चालतं. ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो.

सॉफ्टवेअर पहिला प्रश्न विचारतं की मॉनिटरचा उजेड कोणत्या प्रकारचा आहे: पांढरा एलईडी, जास्त रंग दाखवणारा एलईडी, ओएलईडी वगैरे. हे अंदाजाने ठोकू नका. कलरिमीटर उजेडाचा पूर्ण वर्णपट वाचत नाही. तीन-चार गाळण्यांतून येणाऱ्या उजेडावरून तो रंग ठरवतो आणि दिव्याच्या प्रकाराप्रमाणे त्यात दुरुस्ती करतो. प्रकार चुकला तर अहवालात सगळं उत्तम दिसेल आणि डोळ्याला मात्र पांढरा हिरवट किंवा गुलाबी दिसेल. मॉनिटरच्या माहितीपत्रकात पॅनेलची माहिती शोधून मगच निवडा.

लक्ष्य कोणतं ठेवायचं

इंटरनेटसाठी: पांढरा डी६५, गॅमा २.२, उजेड १०० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर. उजेडाच्या या एककाला बोलीत निट्स म्हणतात. एसआरजीबीच्या मानकात ८० निट्स आहेत, पण तो आकडा अंधाऱ्या खोलीसाठी आहे आणि आपल्या उजेडी घरात तो कमी पडतो. मी ११० ठेवते.

छपाईसाठी उजेड थोडा कमी, ८० ते १०० निट्स. पांढऱ्याबद्दल मात्र लोकांत वाद आहेत. छापील कागद तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक डी५०, म्हणजे ५००० केल्विनच्या आसपासचा उजेड धरतं. म्हणून पुष्कळ जण मॉनिटरही डी५० वर लावतात. माझ्या मते घरात ट्यूबखाली काम करणाऱ्याने ते करू नये. आजूबाजूला ६५०० चा उजेड आणि पडदा ५००० चा असेल तर पडदा कायम पिवळा दिसत राहतो आणि आपण तो पिवळेपणा काढायच्या मागे लागतो. डी५० ची व्ह्यूइंग बूथ, म्हणजे ठरलेल्या उजेडात छापील कागद बघायची पेटी, टेबलाशेजारी असेल तरच तो आकडा घ्या. नसेल तर डी६५ वर राहा.

प्रत्यक्ष मोजणी

यंत्राच्या वायरवर एक वजन सरकतं. ते मॉनिटरच्या मागे सोडून लांबी अशी जुळवा की यंत्र पडद्याच्या मधोमध येईल. मॉनिटर किंचित मागे झुकवा, म्हणजे यंत्र आपल्याच वजनाने सपाट टेकेल. भिंगावरचं पांढरं झाकण बाजूला फिरवायला विसरू नका. ते खोलीचा उजेड मोजण्यासाठी असतं. पडद्यावर बाहेरून पडणारा सगळा उजेड बंद करा.

आता सॉफ्टवेअर पांढरा चौकोन दाखवेल आणि शेजारी लाल, हिरव्या, निळ्याच्या पट्ट्या. मागच्या महिन्यात माझ्याकडे काय झालं ते सांगते. रीसेटनंतर मॉनिटरचे तिन्ही रंग ५० वर होते. पहिल्या मोजणीत ७४०० केल्विन दिसलं आणि निळी पट्टी भलतीच लांब. म्हणजे पांढरा निळसर, नव्या मॉनिटरवर हमखास सापडतो तसा. निळा ५० वरून ४३ वर आणला तेव्हा आकडा ६७०० पर्यंत उतरला. पण आता हिरवी पट्टी थोडी पुढे होती, म्हणून हिरवा ४८. तेवढ्यात उजेड १०२ निट्सवर घसरला होता, म्हणून ब्राइटनेस २८ चा ३० केला. पुन्हा पट्ट्या पाहिल्या, निळा आणखी एकाने खाली. पाच मिनिटं लागली असतील.

या खटपटीत दोन पथ्यं पाळा. रंग वाढवू नका, जो पुढे आहे तो कमी करा. वाढवल्याने उजळ भाग कापले जायची भीती असते. आणि फक्त केल्विनच्या आकड्यावर समाधान मानू नका. ६५०० केल्विनचा पांढरा हिरवटही असू शकतो आणि गुलाबीही, कारण केल्विन निळ्या-पिवळ्याचीच बाजू सांगतो. डी६५ चे निर्देशांक, म्हणजे रंगांच्या नकाशावरची त्याची जागा, x ०.३१२७ आणि y ०.३२९० आहेत. दोन्ही या आकड्यांच्या ०.००२ च्या आत आले की थांबा. शेवटच्या अंकामागे तासभर घालवण्यात अर्थ नाही.

हे सगळं मॉनिटरच्या बटणांनी का करायचं? कारण बटणांनी न केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डात करतं. तिथे बहुधा रंगाला २५६ पायऱ्या असतात आणि दुरुस्तीत त्यातल्या काही खर्ची पडतात. मग आकाशाच्या किंवा साडीच्या एकसलग रंगात पट्टे दिसायला लागतात. बटणांवर जेवढं जमेल तेवढं जमवा म्हणजे कार्डाला किरकोळ काम उरतं.

त्यानंतर ‘स्टार्ट’ दाबा आणि उठून चहा करा. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवून मोजत राहील. किती चौकोन निवडले त्यावर दहा मिनिटांपासून तासापर्यंत वेळ लागतो. साध्या आयपीएस मॉनिटरला शे-दोनशे चौकोन पुष्कळ झाले. मधेच स्क्रीनसेव्हर किंवा एखादा संदेश पडद्यावर आला तर ती मोजणी वाया गेली समजा, म्हणून आधीच नोटिफिकेशन बंद करा.

प्रोफाइल लावल्यानंतर

शेवटी प्रोफाइलला नाव द्या. नावात तारीख, पांढरा आणि निट्स असू द्या. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन योग्य मॉनिटर निवडला आहे का, ‘यूझ माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस’ वर खूण आहे का आणि नवं प्रोफाइल डीफॉल्ट झालं आहे का, ते स्वतः बघा. मॅकवर हेच डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दिसतं.

आता ती चूक, जी मी अनुभवी लोकांच्याही संगणकावर पाहिली आहे. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये वर्किंग स्पेस (ज्या रंगसंचात फाइलवर काम होतं तो) म्हणून मॉनिटरचं प्रोफाइल निवडलेलं असतं. ते तिथे कधीही नको. मॉनिटरचं प्रोफाइल तुमच्या पडद्यापुरतं असतं आणि त्याची जागा विंडोज किंवा मॅकच्या सेटिंगमध्ये आहे. वर्किंग स्पेस एसआरजीबी किंवा त्याहून मोठा रंगसंच असलेला ॲडोबी आरजीबी ठेवा, आणि फाइल बाहेर देताना तिच्यात तिचं प्रोफाइल जोडा. नाहीतर तुमच्या पडद्याचे दोष फाइलमध्ये भरून तुम्ही ते जगभर वाटाल.

मॉनिटर जास्त रंग दाखवणारा असेल तर प्रोफाइल न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सगळं भडक दिसेल, माणसांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे. मॉनिटर बिघडलेला नाही. तो प्रोग्रॅम साधा आहे.

तपासणी

झालं म्हणून सोडून देऊ नका. यंत्र पुन्हा लावून सॉफ्टवेअरला पडताळणीचा अहवाल करायला सांगा. त्यात डेल्टा ई नावाचा आकडा असतो: हवा असलेला रंग आणि दिसलेला रंग यातलं अंतर. एकाच्या खालचा फरक डोळ्याला जवळपास कळत नाही. सरासरी दीडच्या आत आणि सर्वांत वाईट रंग तीन-चारच्या आत असेल तर उत्तम. करड्यांचे आकडे वेगळे बघा. एखादा गडद निळा पाचाने चुकला तर चालेल, पण मधला करडा दोनाने चुकला तरी सगळा फोटो रंगल्यासारखा दिसतो.

त्यानंतर डोळ्याने. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करड्याची सलग पट्टी उघडा. तिच्यात कुठे गुलाबी किंवा हिरवी झाक नको, पायऱ्या नकोत. मग ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो, चंद्रकळा, शिरोदक.

दोन मॉनिटर असतील तर दोन्ही एकाच लक्ष्यावर मोजूनही शेजारी शेजारी थोडे वेगळे दिसतील. यंत्र ज्या सरासरी डोळ्याच्या हिशोबाने मोजतं तो हिशोब १९३१ सालचा आहे, आणि दोन वेगळ्या प्रकारचे दिवे एकाच आकड्याला वेगळे भासू शकतात. चांगला मॉनिटर तसाच ठेवा आणि दुसऱ्याचा पांढरा डोळ्याने पहिल्याला मिळवून मग त्याचं प्रोफाइल करा. रंगाचे निर्णय मात्र एकाच पडद्यावर घ्या.

मोरपिशी, राणी आणि छपाई

कॅलिब्रेशन झाल्यावरही काही रंग हाती लागत नाहीत. मोरपिशी पैठणी उन्हात जशी चमकते तसा हिरवट निळा एसआरजीबीत मावत नाही. ॲडोबी आरजीबीत त्या बाजूला जास्त जागा आहे, पण तो दाखवायला तसा मॉनिटर हवा. राणी रंग पडद्यावर सुरेख येतो आणि चार शाईंच्या छपाईत हमखास फिका पडतो. जरीला तर स्वतःचा एक रंगच नाही. ती जेवढी चमकते तेवढीच सोनेरी.

म्हणून छपाईआधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याची पडद्यावरची नक्कल, बघा. छापखान्याला त्यांचं प्रोफाइल विचारा. मिळालं नाही तर निदान कागद ग्लॉसी आहे की साधा हे विचारून त्याला जवळचं प्रोफाइल, जसं कोटेड कागदासाठी फोग्रा ३९, फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये लावा. ‘सिम्युलेट पेपर कलर’ वर खूण केली की फोटो एकदम फिका पडतो आणि जीव खट्टू होतो. दोन मिनिटं नजर दुसरीकडे वळवा आणि मग बघा. कागदावर येणार तसंच हे चित्र आहे. ग्राहकालाही याच टप्प्यावर दाखवा, म्हणजे राणीचा तोरा थोडा उतरणार हे त्याला आधीच कळतं.

फोनबद्दलही बोलते. गिऱ्हाईक शेवटी साडी फोनवरच बघणार आणि प्रत्येक फोनचा रंग निराळा, मग एवढा खटाटोप कशाला, असं दुकानदार म्हणतात. काही फोन निळसर असतात, काही पिवळट, काही ‘व्हिव्हिड’ मोडवर भडक. तुमचा फोटो मधोमध बसला असेल तर प्रत्येक फोन त्याला आपल्यापुरताच थोडा हलवतो. तुमचा मॉनिटरच निळसर असेल तर तुम्ही फोटो आधीच पिवळा करून पाठवलेला असतो, आणि पिवळट फोनवर तो आणखी पिवळा होतो. माझ्या एका ग्राहकाच्या साड्या रंग वेगळा म्हणून परत येत होत्या. ते प्रमाण फोटो असे करायला लागल्यावर कमी झाल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं.

आणि फोटो काढतानाच घोळ झाला असेल तर मॉनिटर तो निस्तरू शकत नाही. प्रत्येक नव्या उजेडात पहिल्या फ्रेममध्ये करडं कार्ड धरा आणि व्हाइट बॅलन्स त्यावरून घ्या.

पुन्हा कधी

महिन्यातून एकदा. मोठं छपाईचं काम हातात घेण्याआधी वेगळं. मॉनिटर किंवा त्याची जागा बदलली, ट्यूब बदलली, विंडोजचं मोठं अपडेट आलं, तर लगेच. अपडेटनंतर प्रोफाइल गुपचूप काढून टाकलेलं मला दोनदा सापडलं आहे.

दर वेळी वहीत एक ओळ लिहा: तारीख, ब्राइटनेस, लाल-हिरवा-निळ्याचे आकडे, मिळालेले निट्स, सरासरी डेल्टा ई. मागचा दिवा हळूहळू म्हातारा होतो आणि ते वहीत दिसतं. माझ्या जुन्या मॉनिटरला ११० निट्ससाठी सुरुवातीला ब्राइटनेस २८ पुरायचा, चार वर्षांनी ४१ लागायला लागला, गेल्या पावसाळ्यात ७० च्या वर गेला आणि कोपऱ्यातला पांढरा पिवळसर झाला. तो आता हिशोबाच्या कामाला दिला आहे, आणि ज्या मॉनिटरचे आकडे वर दिले त्याच्यासाठी वहीत नवं पान उघडलं आहे.